गव्हाणेचे नऊ जंत

नोकरीतला एखादा अनुभव लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हाच मी त्यांना सावध केलं होतं. म्हटलं, साहेब, माझी सगळी नोकरी माशांच्या आतड्यांत गेलीय, आणि तुमचा अंक लोक फराळ करता करता वाचतात. ते म्हणाले, काही हरकत नाही. त्यांची नाही तर माझी कशाला असेल? ज्यांच्या हातात चकली आहे त्यांनी ती आधी संपवावी, मग पुढं वाचावं.

मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होतो, इथंच, संभाजीनगरातल्या एका कॉलेजात. प्राणिशास्त्र म्हटलं की लोकांना वाघ-सिंह आठवतात. वाघ मीही तिकीट काढूनच पाहिले, चारचौघांसारखे. आमच्या पिढीचं प्राणिशास्त्र वाम नावाच्या माशाच्या पोटात होतं. वाम म्हणजे नाथसागरात, पैठणच्या धरणात, मिळणारा, सापासारखा लांबडा मासा. खाणारे त्याच्यासाठी जीव टाकतात. आम्हीही टाकायचो, पण खाणारे जे फेकून देतात त्याच्यासाठी. वामाच्या आतड्यात पट्टकृमी असतो. पट्टकृमी म्हणजे परकराच्या नाडीसारखा पांढरा, चपटा जंत. डोक्यावर बारीक आकड्यांचं कडं असतं. त्या आकड्यांनी तो आतड्याला धरून बसतो आणि जन्मभर आयतं खातो. आमच्या संस्थेतही असे पुष्कळ होते, पण त्यांच्यावर पेपर लिहिता येत नव्हता.

तेव्हा आमच्या भागात संशोधन करायचं म्हणजे नवा जंत शोधायचा, अशी रीतच पडली होती. सकाळी मासळीबाजारात जायचं. तिथं पैठणकडून येणारी रेशमाबाई नावाची एक मासेवाली आमच्यासाठी पिशव्या बाजूला काढून ठेवायची. भर गिऱ्हाइकांत मला बघून ती ओरडायची, “सर, तुमची आतडी काढून ठेवलीत, घेऊन जा.” बाकीची गिऱ्हाइकं माझ्या पोटाकडं बघायची. मग प्रयोगशाळेत येऊन आतडी चिरायची, कुंचल्यानं जंत सोडवायचा, फॉर्मालिनमध्ये घालायचा, लाल रंग चढवायचा, काचपट्टीवर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून त्याचं चित्र काढायचं. चित्र झालं की जगातल्या त्याच्या सगळ्या भाऊबंदांशी तुलना करायची. अमक्याची मान लांब, याची आखूड. तमक्याचं अंग अरुंद, याचं रुंद. सबब ही नवी प्रजाती. मग तिचं बारसं करायचं, पेपर लिहायचा आणि जर्नलला पाठवायचा. छापून आला, की त्या जंताच्या नावापुढं तुमचं आडनाव कायमचं चिकटलं. निजाम गेला, शहराचं नाव बदललं, पण जंतापुढचं आडनाव कुणाच्या बापाला काढता येत नाही.

असे नऊ जंत प्रभाकर गव्हाणेच्या नावावर होते. माझ्या नावावर एकही नव्हता.

गव्हाणे चितेगावचा, मी गंगापूर तालुक्यातला. एमएस्सीला आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच स्टोव्हवर पिठलं केलं, एकाच कॉलेजात एकाच दिवशी रुजू झालो. तो मला भान्या म्हणायचा, मी त्याला पर्भ्या. इथवर सगळं सारखं. पुढं काय झालं देव जाणे, पण त्यानं कुठलाही वाम चिरला की नवा जंत निघायचा आणि मी चिरला की जुना. एकाच पिशवीतली आतडी आम्ही निम्मी-निम्मी वाटून घ्यायचो, तरी. मला तर असा संशय होता की जंतच माझं नाव ऐकून दुसऱ्या माशात जाऊन बसतात.

नाव देण्यातही पर्भ्या हुशार. पहिला जंत त्यानं गाईडच्या नावे केला. दुसरा पैठणच्या नावे, तिसरा गोदावरीच्या. चौथा संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे. अध्यक्षांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या पट्टकृमीचं चित्र मोठं करून, फ्रेम करून केबिनमध्ये लावलं. येणारे-जाणारे विचारायचे, साहेब, हा कुठला कालवा? त्याच वर्षी गव्हाणे विभागप्रमुख झाला. विभागातल्या एकुलत्या एका फ्रीजची किल्ली त्याच्या खिशात गेली आणि मला आतडी ठेवायला जागा मागावी लागू लागली.

पेपर आला की तो पेढे घेऊन गारखेड्याला आमच्या घरी यायचा. आमच्या सौ.ला म्हणायचा, “वहिनी, अजून एक झाला.” सौ. त्याला साखर जास्त घालून चहा द्यायची. मला त्या दिवशी रात्रीचं जेवण उतरायचं नाही. एकदा तर मी गॅस झाला म्हणून डॉक्टरकडं जाऊन आलो. डॉक्टरनं पोट दाबून विचारलं, कुठं दुखतं? काय सांगणार, पर्भ्याच्या नवव्या जंतापाशी? आणि माणूस वाईट असता तरी बरं झालं असतं. मला टायफॉईड झाला तेव्हा महिनाभर माझे तास त्यानंच घेतले. पोरं म्हणाली, गव्हाणे सर छान शिकवतात. तो टायफॉईड मला दोनदा चढला म्हणायला हरकत नाही.

मला जगाकडून फार काही नको होतं. गव्हाणेकडं नाही असं काहीतरी एक, फक्त एकच, हवं होतं.

निवृत्ती जवळ आली तेव्हा एकदाचा तो सापडला. एका वामाच्या आतड्यातून मी असा जंत काढला, की त्याला मानच नव्हती. डोकं थेट धडावर, पैलवानासारखं. मी जुनी सगळी वर्णनं चाळली. बिनमानेचा, एवढ्या आकड्यांचा जंत कुणी लिहिलेला नव्हता. मी कुणाला बोललो नाही. गव्हाणे टेबलाशी आला की मी काचपट्टीवर रुमाल टाकायचो.

पेपर लिहिणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. जंत शोधणं सोपं. त्याला कागदावर चढवणं अवघड. आधी प्रस्तावना, मग पद्धत, मग वर्णन, मग चर्चा, मग संदर्भांची यादी, तीही त्या जर्नलला हवी तशी: कुठं स्वल्पविराम, कुठं तिरकी अक्षरं. पूर्वी तीन प्रती काढून पाकिटातून पाठवायचो. आता सगळं ऑनलाइन. वेबसाइटवर खातं उघडा, चित्रं ठरावीक आकारात चढवा, संपादकाला पत्र लिहा. हल्ली ई-मेलवर रोज एखादं जर्नल स्वतःहूनच हात जोडत येतं: ‘महान विद्वान, तुमचा पेपर द्या, आठवड्यात छापतो.’ त्यांना लग्नपत्रिका पाठवली तरी छापतील. मला तिथं जायचं नव्हतं. माझा डोळा परदेशातल्या एका जुन्या, दांडग्या जर्नलवर होता. गव्हाणेचे नऊच्या नऊ पेपर देशातल्या देशात छापलेले होते.

अशा जर्नलात संपादक तुमचं नाव झाकून पेपर दोन जाणकारांकडं पाठवतो. तुम्ही कोण ते त्यांना कळत नाही आणि ते कोण ते तुम्हाला. म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमात मुलीचंही तोंड झाकलेलं आणि पाहुण्यांचंही. माझा बिनमानेचा जंत असा तोंड झाकून गेला आणि काही महिन्यांनी परत आला. एका जाणकारानं फार सभ्य भाषेत लिहिलं होतं की ही नवी प्रजाती नाही. जुन्याच प्रजातीचा वाईट रीतीनं मारलेला नमुना आहे.

त्यानं कारणही दिलं होतं. जिवंत जंत थेट फॉर्मालिनमध्ये टाकला की तो आक्रसतो, मान आत ओढून घेतो. अंगावर अचानक गार पाण्याची बादली पडली की माणूस खांदे वर घेऊन मान गिळतो ना, तसा. त्याला आधी साध्या पाण्यात, थंडाव्याला, निवांत मरू द्यावं, मग फॉर्मालिन दाखवावं, मग मान मोजावी.

मला पहिला संशय गव्हाणेचाच आला. पण त्या अहवालाचं इंग्रजी गव्हाणेच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हटलं, बघतोच. जाणकाराला खोटा पाडायचाच, या इरेला पेटून मी पुन्हा रेशमाबाईकडून आतडी आणली. विभागातल्या फ्रीजची किल्ली मागितली असती तर गव्हाणेनं कशाला म्हणून विचारलं असतं. म्हणून जंतांचा डबा घरच्या फ्रीजमध्ये, विरजणाशेजारी ठेवला. सौ.नं तो उघडला. तिनं काय काय म्हटलं ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. पण विरजण बाहेर गेलं आणि जंत आत राहिले, एवढं माझं घरात वजन होतं.

पुढल्या सकाळी झाकण काढलं, तर जंत पसरलेले. मान बाहेर आलेली. मान कसली, जिराफ. डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुढं डबा अपुरा पडला म्हणून वळून परत. ओळखीचा, जुना, शंभरदा पाहिलेला जंत होता तो. माझी नवी प्रजाती स्वयंपाकाच्या ओट्यावर संपली.

मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. सौ.ला दया आली असावी. तिनं चहा ठेवला. पहिला घोट घेतला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पर्भ्या जंत कसा मारायचा? मी त्याच्या शेजारी उभा राहून बघितलेलं होतं. भाजीला फोडणी घालावी तसा तो जिवंत जंतावर फॉर्मालिन ओतायचा. वर दोन काचांमध्ये दाबून दोऱ्यानं करकचून बांधायचा. जंताचा पापड व्हायचा. आणि त्याचे नऊ जंत काय होते? आखूड मानेचा. जाड मानेचा. रुंद अंगाचा. अजून आखूड मानेचा.

असा आनंद मला आमची मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता. तिनं हा अंक वाचू नये.

त्यानंतर मी जे काम केलं ते नोकरीभर केलं नव्हतं. नऊ प्रजातींसाठी नऊ ठिकाणचे मासे आणायचे ठरवले. प्रत्येक माशातल्या जंतांचे दोन वाटे केले. एक वाटा गव्हाणेच्या पद्धतीनं मारला, फोडणी आणि पापड. दुसरा आमच्या फ्रीजमध्ये निवांत निजवला. फोडणीचा वाटा बघावा तर हुबेहूब गव्हाणेची नवी प्रजाती. निजवलेला वाटा बघावा तर जुनाच जंत. गाईडचा पडला, पैठणचा पडला, गोदावरीचा वाहून गेला. अध्यक्षांचा पडला तेव्हा मी घरातल्या घरात पेढा खाल्ला. सौ. माझी चित्रं बघायची. ती शाळेत मराठी शिकवायची, तिला जंतांतलं काही कळत नव्हतं, माझ्यातलं कळत होतं. म्हणाली, “अहो, दुसऱ्याचं मोडायला एवढं शिकलात, तेवढ्यात आपलं एखादं उभं राहिलं असतं.” मी म्हटलं, उभं राहतंय की, मोडलेल्याच्या वर.

आठ झाले. उरला नववा, गंगापूरचा. माझ्याच तालुक्याच्या नावानं पर्भ्यानं केलेला. हे मला बाकीच्या आठांपेक्षा जास्त झोंबलं होतं. म्हणून त्याला शेवटी ठेवला होता, गोड घास ठेवतात तसा. जीपनं गंगापूरला गेलो, आठवडी बाजारात मासेवाल्यापुढं उकिडवा बसलो. आतड्यांची पिशवी घेऊन उठतो तर समोर चुलतभाऊ, बैल बघायला आलेला. तो पिशवीकडं बघत राहिला. म्हणाला, “दादा, पगार बंद झाला व्हय? घरी या ना जेवाया. भावकीत सांगायचं तरी.” त्याला प्राणिशास्त्र समजावून सांगितलं. तो मान हलवत राहिला, पण जाताना त्यानं बळंच एक पायली ज्वारी पिशवीत घातली.

गंगापूरचा जंत फ्रीजमध्ये घातला. सकाळी बघितला. मान गव्हाणेनं लिहिली होती तेवढीच. वाटलं, नीट मेला नसेल. पुन्हा आणले, पुन्हा निजवले. कोमट पाण्यात, गार पाण्यात, मिठाच्या पाण्यात. मला येत होती नव्हती ती सगळी पाणी केली. पंचगंगेचं तेवढं राहिलं. जंत काही केल्या हटेना. शेवटी डोक्यावरचं कडं नीट बघितलं. बाकी सगळ्यांचं कडं अखंड असतं. याचं दोन जागी तुटलेलं होतं, दोन चंद्रकोरी समोरासमोर ठेवाव्यात तसं. आणि आकडे आक्रसत नाहीत. मान आक्रसते, अंग आक्रसतं, पण आकडा म्हणजे हाडासारखा. कसाही मारा, तेवढाच राहतो.

गव्हाणेचा नववा जंत खरा होता.

आता काय करावं? नवव्याचं नाव न घेता आठांवरच पेपर लिहिला असता तरी कुणी विचारलं नसतं. दोन दिवस मी तेच घोकलं. पण मी मत्सरी असलो तरी मूर्ख नाही. परदेशातल्या संपादकाचं नाक तिखट असतं. एका माणसाचे सगळे जंत त्याच्याच कॉलेजातल्या माणसानं मारले, तर त्याला कॉलेजातलं राजकारण सात समुद्रांपलीकडं वास मारेल. आठ मारून एक वाचवला, तर लेखक न्यायाधीश ठरतो. म्हणून मी नववाही पेपरात घेतला, खरा म्हणून. दुसरं कारण सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. तो जंत लई देखणा होता. त्या दोन चंद्रकोरींचं चित्र मी आठवडाभर काढत होतो, आणि माझ्या हातून तेवढं चांगलं चित्र आधी कधी झालं नव्हतं. गव्हाणेनं काढलेलं त्याचं जुनं चित्र बघितलं तर खेकडा वाटतो.

पेपर त्याच परदेशी जर्नलला ऑनलाइन चढवताना एका रकान्यात विचारलं होतं, या विषयात लेखकाचे काही हितसंबंध गुंतलेले आहेत का? पैसा, नातं, कंपनी, सगळे पर्याय दिलेले होते. मत्सराचा पर्याय नव्हता. मी ‘नाही’वर टिचकी मारली.

दोन जाणकारांचे अहवाल आले. एकानं विचारलं होतं की आधीच्या लेखकाचे नमुने औरंगाबादचे आहेत आणि प्रस्तुत लेखकाचे छत्रपती संभाजीनगरचे. या दोन शहरांतलं अंतर किती, आणि त्यामुळं माशांत फरक पडला असेल का? मी उत्तर लिहिलं: अंतर शून्य, टेबल शेजारी शेजारी. दुसऱ्यानं लिहिलं होतं की लेखकानं आठ प्रजाती रद्द करताना आणि नववीला पुष्टी देताना दाखवलेला निःपक्षपातीपणा आजकाल दुर्मीळ आहे. ते वाक्य मी सौ.ला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

पेपर छापला गेला तोवर आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो. पुढल्या रविवारी दाराची घंटा वाजली. दारात गव्हाणे, हातात माझा पेपर, छापून आणलेला. पेढे नव्हते. मी उत्तरं तयार ठेवली होती: विज्ञान असंच पुढं जातं, व्यक्तिगत काही नाही, वगैरे. तो खुर्चीत बसला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“आठ मारलेस, भान्या.”

“हो.”

“नववा का सोडलास?”

“मरंना.”

त्यानं पानं उलटून माझ्या चित्राचं पान उघडलं आणि त्या चंद्रकोरींवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता उठेल आणि चाळीस वर्षांची दोस्ती दारात काढून चपलेसारखी ठेवून जाईल. तसं झालं असतं तर मला काय वाटलं असतं, ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

“आकडे बरोबर आलेत,” तो म्हणाला. “मला नव्हते जमले. आता जगात कुणी हा जंत काढला की तुझंच चित्र बघणार. आडनाव माझं, चित्र तुझं.”

चित्राकडं मी तसं कधी बघितलंच नव्हतं.

मग त्यानं पेपर मिटला. वरच्या कोपऱ्यात छापलेल्या जर्नलच्या नावावर अंगठा ठेवून म्हणाला, “इथं मी तीनदा पाठवलं होतं. तुला बोललो नाही कधी. जाणकारांपर्यंतसुद्धा गेलं नाही, संपादकानंच दारातून परत लावलं. तिन्ही वेळा.”

“कधी?”

“पेढे आणायचो ना, त्याच्या आधी. तिथनं परत आलं की मग इथल्या जर्नलला द्यायचो.” त्याचा अंगठा त्या नावावरच होता. मग आवाज खाली आणून, मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखं त्यानं विचारलं, “संपादकाला पत्रात काय लिहिलंस रे? सुरुवात कशी केली?”

मी त्याच्याकडं बघितलं. ते तोंड मला पाठ होतं, तो पेढे आणायचा त्या दिवशीचं माझंच. ओठ हसायचा प्रयत्न करतात, गाल साथ देत नाहीत, डोळे पेढ्याच्या खोक्यावर असतात. गव्हाणेच्या चेहऱ्यावर ते कसं दिसतं हे बघायला मला आख्खी नोकरी घालवावी लागली होती. शपथेवर सांगतो, त्याला ते माझ्यापेक्षा शोभत होतं.

“सांगतो की,” मी म्हटलं, “एवढी घाई काय आहे?” आणि आत आवाज दिला, की आलं ठेचून दोन कप चहा टाक, आणि पोह्यांचंही बघ, पर्भ्या जेवूनच जाणार आहे.